गहाण घराचा निरोप

आमच्या समाजात मृत्यूची वार्ता पत्राने कळवितात, विवाहाची छापील पत्रिकेने कळवितात. मुलगा परीक्षेत नापास झाला तर तीही गोष्ट चार दिवसांनी का होईना, शेजारी बोलून दाखवितात. घर गहाण आहे, हे मात्र सख्ख्या भावासही सांगत नाहीत. कर्ता पुरुष ते ओझे एकटाच वाहतो. घरातील स्त्रियांस ही वार्ता सर्वांच्या शेवटी कळते, आणि दागिने मात्र सर्वांच्या आधी मागितले जातात. धंदा बसला, देणी फिटण्याची आशा उरली नाही, आणि ज्या माजघरात आजोबांची मुंज झाली ते घर आता सोडावयाचे आहे, असा प्रसंग ज्यांच्यावर येतो त्यांस वकिलाकडे जावे तर तो कलमे सांगतो, आप्तांकडे जावे तर ते उसासे टाकतात. यास्तव या नाजूक विषयावर, विशेषतः आमच्या वऱ्हाडातील परिस्थिती डोळ्यांपुढे ठेवून, थोडे विस्ताराने लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

वऱ्हाडास गहाणाचा अनुभव फार जुना आहे. घरांचे राहू द्या, हा सबंध प्रांतच कर्जापायी हातोहात गेलेला आहे. हैदराबाद दरबारचे दिवाण चंदुलाल यांनी राज्याचा खर्च भागविण्यासाठी पेढ्यांकडून कर्जे उचलली आणि फेडीसाठी वऱ्हाडचा वसूल लावून दिला. १८४१ च्या सुमारास पेस्तनजी आणि कंपनी या पारशी पेढीकडे वऱ्हाडातील बराच मुलूख अशा रीतीने आला. ही पेढी नुसती सावकारी करणारी नव्हती. वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबईस रवाना करण्याचा उद्योग १८२५-२६ च्या सुमारास प्रथम तिनेच केला होता. १८४३ साली चंदुलालांनी अधिकारपद सोडले, आणि १८४५ साली पेस्तनजींना तो मुलूख जबरीने सोडावा लागला. दरबाराकडे गुंतलेले लक्षावधी रुपये हाती आले नाहीत व पेढी बुडाली. ऋणको गादीवर राहिला आणि धनको देशोधडीस लागला! पुढे १८५३ साली त्याच दरबाराने कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या पगारापोटी, म्हणजे सुमारे पन्नास लाखांच्या देण्याकरिता, वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. सालारजंगांनी तो परत मिळविण्याची खटपट वर्षानुवर्षे केली. ती फळास आली नाही. १९०२ साली वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बोलीवर तो कायमच्या पट्ट्याने गेला. गहाणाची वस्तू एकदा दुसऱ्याच्या ताब्यात गेली म्हणजे तिचे काय होते, हे वऱ्हाडातील वाचकांस इतिहासानेच शिकविले आहे.

प्रांताची ही गत असता प्रांतातील घरांची निराळी कशी असेल? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडला मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसास पूर्वी कधी न पाहिलेला भाव आला. युद्ध संपताच भाव कोसळला व १८६५ साली मुंबईत मोठमोठ्या पेढ्यांची दिवाळी वाजली. तरी कापसाचा ओघ थांबला नाही. १८६७ साली रेल्वे नागपुरापर्यंत गेली, १८७० साली खामगावास फाटा आला, आणि अमरावती, अकोला, अकोट, कारंजा येथे जिन व प्रेस उभे राहिले. ज्यांना आज आपण जुने वाडे म्हणतो त्यांपैकी कितीतरी या कापसाच्या पैशातून उठलेले आहेत. दगडी ओटा, भिंतीत बळद, ओसरीवर बंगई, परसात विहीर असा थाट चांगल्या सालात उभा राहतो, आणि वाईट सालात त्याचाच कागद सावकाराच्या पेटीत जातो. अमरावतीचा परकोट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांपासून व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून बांधण्यात आला. पेंढारी त्या भिंतीने अडले असतील. गहाणखत मात्र जवाहर दरवाजातून उजळ माथ्याने आत येते व तसेच बाहेर जाते.

या प्रदेशातील उत्पन्नाची घडणही ध्यानात घेतली पाहिजे. पैसा येतो तो वर्षातून एकदा, कापूस घरी आल्यावर; खर्च मात्र बारा महिने चालतो. केवळ शेतकऱ्याची नव्हे, त्याच्याकडे उधारी असलेला कापडदुकानदार, खतबियाण्यांचा व्यापारी, अडत्या, डाळमिलवाला यांचीही हीच स्थिती असते. एक साल बुडाले की गावातील उधारी बुडते आणि शहरातील दुकान हलते. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत भाव असे पडले की मध्यप्रांत सरकारास १९३३ साली कर्जाच्या तडजोडीचा आणि पुढे १९३९ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात ऋणपीडितांच्या साहाय्याचा कायदा करावा लागला. पण असे कायदे मुख्यत्वे शेतकऱ्याकडे पाहून केलेले असतात. शहरातील पांढरपेशा कुटुंबाने धंद्यासाठी काढलेल्या कर्जाची कोणी फारशी चिंता वाहत नाही. आजही तसेच आहे. बँकांना न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा जो अधिकार २००२ च्या कायद्याने मिळाला, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. परिणामी बँकेचा अधिकारी शेताच्या सातबाऱ्याकडे पाहतसुद्धा नाही. तो विचारतो, 'शहरात घर आहे का?' शेतावर ज्याचे पोट चालते त्याचेसुद्धा कर्ज शेवटी राजापेठेतील किंवा जठारपेठेतील राहत्या घरावर येऊन बसते, ते या कारणाने.

आता दिवाळ्याविषयी. हा शब्द कोशकार 'दिवा' या शब्दाशी जोडतात. देणी भागविणे अशक्य झाले म्हणजे पूर्वीचा व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवी, आणि त्यावरून बाजार काय ते समजे. प्रथा क्रूर वाटते. पण तीत एक मोकळेपणा होता. त्या दिव्यानंतर नवी उधारी कोणी देत नसे, आणि व्यापाऱ्यासही ती मागण्याचा मोह पडत नसे. आजचा दिवाळखोर दुकानाचे दार अर्धे उघडे ठेवतो, एकाचे देणे भागविण्यासाठी दुसऱ्याकडून उचलतो, आणि घराच्या कागदांवर तिसऱ्याकडून. अंधार वाढतो तो येथे.

अमरावती वा अकोल्याच्या गृहस्थास नादारीचा अर्ज करावयाचा असेल तर तो आजही १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली जिल्हा न्यायालयात करावा लागतो. २०१६ साली नादारी व दिवाळखोरीची नवी संहिता झाली खरी. पण तिच्यातील व्यक्तींविषयीचा भाग, कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्यांपुरताच काय तो १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला आहे. तेव्हा साध्या दुकानदारास शंभर वर्षांपूर्वीचाच दरवाजा उघडा आहे, आणि त्या दरवाजाविषयी आमच्या लोकांत एक मोठा गैरसमज आहे. नादारीचा अर्ज केला म्हणजे घर वाचते, असे अनेकांस वाटते. तसे नाही. न्यायालयाने एखाद्यास नादार ठरविले म्हणजे त्याची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हराकडे जाते, आणि इतर धनकोंस तिच्यातून हिश्शाने वाटणी मिळते. परंतु ज्याच्याकडे घर गहाण आहे तो धनको या वाटणीच्या रांगेत उभाच राहत नाही. त्याचे तारण त्याच्या हाती शाबूत असते. तो घर विकवून आपले पैसे घेतो, आणि कमी पडले तर तेवढ्यापुरता इतर धनकोंच्या पंगतीस येऊन बसतो.

मग नादारीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग मोठा आहे. पण तो घराला नसून माणसाला आहे. घराच्या लिलावात कर्ज पुरते फिटले नाही तर उरलेल्या रकमेसाठी धनकोस ऋणकोच्या मागे जाता येते. घर गेले तरी कर्ज राहते, ही गोष्ट पुष्कळांस घर गेल्यानंतर कळते. नादारीच्या मार्गाने गेलेल्या प्रामाणिक ऋणकोस न्यायालय शेवटी मोकळीक देते, आणि सरकारी देणी व कपटाने केलेली देणी सोडून बाकीच्या कर्जांतून तो सुटतो. मोबदल्यात त्याने सारा हिशेब उघडा करावयाचा असतो. मालमत्ता लपविणारास शिक्षा आहे. नादार ठरण्यापूर्वीच्या दोन वर्षांत मोबदल्यावाचून कोणास काही देऊन टाकले असेल, तर ते देणे रिसीव्हरास न्यायालयाकडून रद्द करविता येते. 'घर सौभाग्यवतीच्या नावे करून टाका' असा सल्ला देणारे शहाणे प्रत्येक आळीत असतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. नोटीस आल्यावर केलेले बक्षीसपत्र घर वाचवीत नाही. मात्र त्याने प्रामाणिक माणूस कपटी ठरतो, आणि बिचारी पत्नी विनाकारण न्यायालयाची पायरी चढते.

गहाणाच्या कायद्यात ऋणकोच्या बाजूचा एक थोर नियम आहे. एकदा जे गहाण ते कायम गहाण. मुदतीत पैसे न दिल्यास घर आपोआप सावकाराचे होईल, अशी अट गहाणखतात घातली तरी ती टिकत नाही. पैसे भरून घर सोडवून घेण्याचा हक्क ऋणकोपाशी राहतो. तो कोठपर्यंत राहतो, हे मात्र मार्गावर अवलंबून आहे, आणि येथे फार माणसे फसतात. सावकाराने दिवाणी न्यायालयात गहाणाचा दावा लावला तर प्रथम प्राथमिक हुकूमनामा होतो. पैसे भरण्यास सामान्यतः सहा महिन्यांपर्यंत अवधी मिळतो. त्यानंतर अंतिम हुकूमनामा, मग लिलाव. आणि लिलाव झाल्यावरही तो कायम होण्यापूर्वी, खरेदीदारास द्यावयाच्या शेकडा पाच रुपयांसह, सारी रक्कम भरून घर सोडविता येते. बँकेचा मार्ग याहून तातडीचा आहे. कर्ज थकीत ठरल्यावर बँक साठ दिवसांची नोटीस देते. त्या नोटिशीवर आक्षेप लिहून पाठविता येतात व बँकेस पंधरा दिवसांत उत्तर द्यावे लागते. साठ दिवस गेले म्हणजे बँक ताबा घेऊ शकते. त्याविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. आणि घर सोडविण्याचा हक्क? २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. लिलावाच्या दिवशी मामांनी पैसे आणले तरी ते उशिरा आलेले असतात.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. साठ दिवसांची नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीवाचून घर विकता येत नाही; पण संमतीने येते. गिऱ्हाईक स्वतः शोधून, बँकेस मध्ये घेऊन, बाजारभावाने विक्री करण्याचा मार्ग त्या काळातही खुला असतो. आमच्या मते या साऱ्या प्रकरणात कर्त्या पुरुषाच्या हाती उरलेला हाच एक खरा पुरुषार्थ होय, आणि तोच तो सहसा गाजवीत नाही.

हिशेब मांडून पाहू. समजा, अकोल्यात रतनलाल प्लॉटमध्ये एका गृहस्थाचे घर आहे व बाजारात आज त्याचे चाळीस लाख येतात. धंद्यासाठी काढलेले कर्ज पंचवीस लाख आहे, व्याज शेकडा चौदा, वार्षिक चक्रवाढीने. धंदा बसला आहे, हप्ता भरणे शक्य नाही. आज घर विकले तर कर्ज फिटून पंधरा लाख हाती राहतात. गृहस्थ म्हणतो, 'एखादे साल चांगले येऊ द्या.' पहिल्या वर्षाअखेर देणे साडेअठ्ठावीस लाख होते. दुसऱ्या वर्षी बत्तीस लाख एकोणपन्नास हजार. तिसऱ्या वर्षी सदतीस लाखांवर जाते. घराची डागडुजी थांबलेली, बोलबाला झालेला, आणि विक्री जाहीर लिलावात; समजा, चौतीस लाख आले. आता घर गेले, पंधरा लाखही गेले, आणि वर तीन लाखांचे देणे उरले. या तीन वर्षांत हप्त्यापोटी जे थोडेफार भरले ते कोठून आले? पत्नीच्या बांगड्या, मुलीच्या लग्नाकरिता ठेवलेली रक्कम, धाकट्या भावाच्या भविष्यनिर्वाह निधीची उचल. तेही सारे त्याच विहिरीत गेले.

आकडे इतके उघड असता माणसे घर का धरून ठेवतात? अब्रूसाठी. आता अब्रू कशाने जाते, याचा विचार आम्ही वाचकांपुढे दोन घरांच्या उदाहरणांनी ठेवतो. साने गुरुजींचे कोकणातील पालगडचे घराणे एके काळी खोतीच्या वैभवातले. १९३५ साली प्रसिद्ध झालेली 'श्यामची आई' आमच्या वाचकांच्या घरोघरी आहे; सावकाराचा माणूस दारी येऊन कसा बोलतो आणि जप्तीची दवंडी गावात पिटली जाते तेव्हा त्या माउलीची काय दशा होते, ते आम्ही येथे पुन्हा सांगत नाही. स्थावर मालमत्तेच्या जप्तीचा हुकूम दवंडी पिटून जाहीर करावा आणि मिळकतीवर चिकटवावा, ही दिवाणी प्रक्रियेतील रीतच आहे. म्हणजे गावापुढे जे काही होते ते शेवटपर्यंत थांबल्यामुळे होते. दवंडीच्या आधी घर सोडणाऱ्यामागे ढोल वाजत नाही.

दुसरे घर अनंतशास्त्री डोंगरे यांचे. हे गृहस्थ वेदशास्त्रसंपन्न. पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविण्याचे धाडस त्यांनी केले आणि सह्याद्रीच्या अरण्यात गंगामूळ येथे आश्रम वसवून विद्यार्थ्यांस पढविले. येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंचे आणि पाहुण्यांचे आतिथ्य त्यांस भोवले. कर्ज झाले, मालमत्ता गेली, आणि घर सोडावे लागले. १८५८ साली जन्मलेल्या त्यांच्या धाकट्या कन्येस, म्हणजे पुढे पंडिता म्हणून जगास ठाऊक झालेल्या रमाबाईंस, तेव्हा सहा महिनेच झाले होते. तान्ह्या मुलीस वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगराखाली आणले, असे त्यांनीच मागाहून लिहून ठेविले आहे. पुढची वर्षे तीर्थयात्रेत व पुराणे सांगण्यात गेली. याच भटकंतीत आईने मुलीस संस्कृत शिकविले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंचा गौरव केला तो त्या विद्येचा. घर गेले तेव्हा जे गेले नव्हते, ते हे. तथापि या कथेला सोनेरी मुलामा देण्याची आमची इच्छा नाही. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईबाप दोघेही थोड्याच काळात अन्नावाचून गेले. शास्त्र्यांस मोलमजुरी ठाऊक नव्हती आणि भीक मागवत नव्हती. घर सोडण्याइतके मन मोठे असलेल्या माणसासही नंतर मिळेल ते काम पत्करणे जड गेले. आमच्या आजच्या कुटुंबांतसुद्धा हाच दुसरा उंबरठा अधिक उंच असतो. काल दुकानात चार नोकर होते, आज दुसऱ्याच्या दुकानी हिशेब लिहावयाचा!

एकत्र कुटुंबात प्रश्न याहून गुंतागुंतीचा होतो, कारण घर एकाचे नसते. बापाचे ऋण मुलाने फेडावे हे आमच्याकडे धर्मकृत्य मानले गेले. त्यातही याज्ञवल्क्याने सुरापान, व्यभिचार व द्यूत यांपायी झालेले ऋण पुत्रावर नाही असे सांगून ठेविले आहे. मुंबई इलाख्यात १८६६ च्या कायद्याने मुलांची वैयक्तिक जबाबदारी काढून वारशाने आलेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली. आणि हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने, त्यानंतर काढलेल्या कर्जासाठी केवळ या धर्मकर्तव्याच्या आधारावर मुलगा, नातू वा पणतू यांच्यामागे लागण्याची वाट बंद केली. पण बँका धर्मशास्त्रावर विसंबून नसतात. त्या मुलाची सही सहकर्जदार किंवा जामीन म्हणून आधीच घेतात. धर्माने मुक्त झालेला मुलगा सहीने बांधला जातो. नुकत्या नोकरीस लागलेल्या मुलास वडील 'येथे सही कर रे' म्हणतात, तेव्हा तो कागद वाचीत नाही, आणि वाचणे उद्धटपणाचे मानले जाते. आम्ही तरुण वाचकांस सांगू की वाचावा. वडिलांचा मान त्याने जात नाही.

भावाभावांत एकाचे दिवाळे निघाले आणि त्याचाच अविभक्त हिस्सा लिलावात परक्याने घेतला, तर तो परका लगेच ओसरीवर येऊन बसू शकत नाही. कुटुंबाच्या राहत्या घरात एकत्र ताबा मागण्याचा हक्क अशा खरेदीदारास कायदा देत नाही. त्याने वाटणीचा दावा लावलाच तर १८९३ च्या वाटणीच्या कायद्याप्रमाणे घरच्या भागीदारास ठरलेल्या किमतीने तो हिस्सा परत घेता येतो. ज्या वाड्यात तीन भावांपैकी दोघे सावरलेले आहेत तेथे सगळ्यांनी मिळून बुडण्यापेक्षा हा मार्ग आधीच वकिलाकडून समजून घ्यावा. स्त्रीधनाचेही असेच आहे. पत्नीचे स्त्रीधन पतीच्या धनकोस घेता येत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, आणि धर्माचाराप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे अलंकार जप्तीतून वगळलेले आहेत. बेलीफ मंगळसूत्र नेईल या भीतीने कित्येक घरांत ते आधीच विकले जाते! जे कायद्याने मागितले नसते ते भीतीने देऊन टाकतात. सर्व स्त्रियांनी हे चार शब्द ध्यानात ठेवावे, आणि दागिना देण्यापूर्वी कर्जाचा संपूर्ण आकडा कागदावर मागावा. आकडा न सांगता मागितलेला दागिना देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. थकलेल्या हप्त्यास तो पुरतो दोन महिने.

घर सोडावयाचे ठरले म्हणजे प्रथम घरातील वृद्धांस सांगावे. मुले लपवितात ती त्यांच्या प्रकृतीच्या काळजीने. पण बाहेरच्याकडून कळले तर तो घाव अधिक खोल बसतो. आमच्या पाहण्यात असे आले आहे की म्हातारी माणसे ही गोष्ट कर्त्या पुरुषाच्या कल्पनेहून शांतपणे ऐकतात. त्यांनी चढउतार पाहिलेले असतात. त्यांची एकच विचारणा असते, देव कोठे ठेवणार? देव्हारा भाड्याच्या खोलीतही मांडता येतो. कुलदैवताचे टाक, शाळिग्राम, बाळकृष्ण एका डब्यात मावतात. तुळशीचे वृंदावन नेता येत नाही, रोप नेता येते. भिंतीतील बळदात आजीने ठेवलेले जुने कागद, जन्मपत्रिका, वंशावळीच्या वह्या आधी काढून घ्याव्या. त्या एकदा मागे राहिल्या की परत मिळविणे कठीण.

मुलांच्या शाळेचे साल मोडेल अशा वेळी घर बदलू नये. विक्री आपण करीत असू तर ताबा देण्याची तारीख वार्षिक परीक्षेनंतरची ठरविता येते. लिलावात ती सवड आपल्या हाती राहत नाही. भाड्याचे घर शक्य तर त्याच शहरात पण दुसऱ्या पेठेत पाहावे. एकदम पुण्यास वा नागपुरास निघून जाण्याची सूचना आप्त करतात. ज्यास अमरावतीत चार माणसे ओळखतात त्यास नवे काम अमरावतीतच लवकर मिळते, आणि ज्यांचे देणे आहे त्यांच्यापुढून हिंडणे हे पळून जाण्याहून सोपे होत जाते.

ताबा स्वतः उभे राहून द्यावा. किल्ल्या शेजाऱ्याकडे ठेवून रात्री निघून जाणाऱ्याच्या मागे घरात काय राहिले याची यादी दुसरेच करतात. अधिकाऱ्यासमक्ष पंचनामा व्हावा, सामानाची यादी दोन प्रतींत असावी, एक प्रत सहीसह आपल्यापाशी घ्यावी. पाणीपट्टी, घरपट्टी, विजेचे देयक त्या तारखेपर्यंत भरून पावत्या जपाव्या, नाहीतर दुसऱ्याने जाळलेल्या दिव्याचे पैसे आपल्याकडे मागितले जातात. लिलावात कर्ज, व्याज व खर्च वजा जाता काही उरले तर ती रक्कम बँकेची नव्हे. ती ज्याची त्यास देणे बँकेस बंधनकारक आहे. नादार ठरलेल्याची ती रिसीव्हराकडे जाते, इतरांनी लेखी अर्ज करून हिशेब मागावा. संकोचाने हिशेब न मागणारी सुशिक्षित माणसे आम्ही पाहिली आहेत. कर्ज फिटले असेल तर तसे पत्र घ्यावे, जामिनाच्या सह्या ज्यांच्या होत्या त्या मुलांची व मित्रांची नावे त्यात मोकळी झाल्याचा उल्लेख असावा, आणि गहाण सोडल्याचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदविल्याची खात्री करावी. नवा पत्ता डाकघरात त्याच आठवड्यात लेखी कळवावा, कारण पुढील सहा महिने कागदपत्रे जुन्याच दारी येत राहतात.